भागधारकाच्या वाट्याला काय?

भांडवलशाहीचे पाठीराखे एक गोष्ट नेहमी मोठ्या अभिमानाने सांगत असतात. आधुनिक कंपनीचा मालक कोणी एक शेठ नसतो, तिचे दहा भाग ज्याच्या पेटीत आहेत तो निवृत्त शिक्षकही तिचा मालकच असतो, असे त्यांचे म्हणणे. या व्यवस्थेला त्यांनी ‘भागधारकांची लोकशाही’ असे भारदस्त नावही देऊन ठेवले आहे. ही लोकशाही कितपत खरी, याची परीक्षा बड्या कंपन्यांच्या झगमगाटी वार्षिक सभांत होत नाही. एखाद्या औद्योगिक वसाहतीतली छोटी कंपनी, जिचे नाव बाजारातही कोणी घेत नाही, ती जेव्हा ‘भांडवलाची फेररचना’ करावयास निघते, तेव्हा ती होते. आणि या परीक्षेत सामान्य भागधारकाच्या हाती बहुधा उरतो तो एक छापील कागद आणि त्यावरची एक क्षुल्लक रक्कम.

समाजवादी चळवळीने भागधारकांची चिंता कशासाठी वाहावी, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. भागधारक म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर लाभांश खाणारा, असे त्यांच्या मनात असते. हा हिशेब कागदावर सुटसुटीत वाटतो, पण तो खरा नाही. ज्याच्या हाती कंपनीचा कारभार, हिशेबाच्या वह्या आणि सभेची कार्यक्रमपत्रिका आहे तो प्रवर्तक, आणि ज्याने प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून शंभर भाग घेतले तो गिरणीतला माजी जॉबर, या दोघांना एका वर्गात बसविणे म्हणजे वर्गविश्लेषणाची थट्टा होय. दुसऱ्याच्या पैशावर सत्ता गाजविणे हे मक्तेदारीचे मर्म आहे. कामगाराच्या श्रमावर ती जशी चालते, तशीच ती बचत करणाऱ्याच्या बचतीवरही चालते. कामगाराचा फंड बुडविणारा आणि भागधारकाचा भाग पुसून टाकणारा हे बहुतेक वेळा एकच गृहस्थ असतात.

हा सामान्य भागधारक आला कोठून, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, बहुसंख्य परदेशी कंपन्यांना येथील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास भाग पाडले. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला आणि आयबीएम यांनी हा कायदा मानण्याऐवजी देश सोडणे पसंत केले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या कंपन्या थांबल्या त्यांनी आपले भाग भारतीय जनतेला विकले, आणि त्या वेळी किंमत ठरविण्याचा अधिकार भांडवल उभारणी नियंत्रकाकडे असल्यामुळे ते भाग मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आले. मुंबई-पुण्याच्या चाळींतून आणि नोकरदारांच्या वस्त्यांतून भागधारक हा वर्ग तेव्हा उभा राहिला. १९९२ साली नियंत्रकाचे पद गेले, भाव खुले झाले, आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत शेकडो छोट्या कंपन्यांनी वर्तमानपत्रांतून पानपानभर जाहिराती देऊन लोकांचा पैसा गोळा केला. त्यातल्या दोनशेहून अधिक कंपन्या पत्त्यासह नाहीशा झाल्या. त्यांचा शोध घेण्यासाठी सरकारला १९९९ साली समिती नेमावी लागली. सरकारी कागदपत्रांत अशा कंपन्यांसाठी ‘लुप्त कंपन्या’ असा वर्गच करावा लागला, यावरून त्या काळच्या मुक्त बाजाराची कल्पना यावी.

ज्या कंपन्या नाहीशा झाल्या नाहीत त्यांच्या भागधारकांचे नशीब फार वेगळे होते असे नाही. छोट्या कंपन्यांचे भाग मुख्यतः प्रादेशिक शेअर बाजारांत नोंदलेले असत. १९८२ साली स्थापन झालेला पुण्याचा शेअर बाजार हा त्यांपैकीच एक. राष्ट्रीय पातळीवरच्या दोन बाजारांनी सगळा व्यवहार ओढून घेतल्यावर हे प्रादेशिक बाजार ओस पडले, आणि सेबीच्या २०१२ च्या धोरणानुसार एकेक करून बंद झाले. पुण्याचा बाजार २०१५ साली गेला. तेथेच नोंद असलेल्या कंपन्या ‘प्रसार फलक’ नावाच्या एका यादीत टाकण्यात आल्या. नाव फलकाचे असले तरी तेथे फारसा व्यवहार होत नसे. २०१६ साली सेबीने या कंपन्यांच्या प्रवर्तकांना बजावले, की एकतर राष्ट्रीय बाजारात नोंद करा, नाहीतर स्वतंत्र मूल्यमापकाने ठरविलेल्या भावाने भागधारकांना मोकळे करा. हुकूम योग्यच होता. परंतु ज्या भागाला बाजारभावच उरलेला नाही त्याची किंमत मूल्यमापक ठरवितो, आणि त्या मूल्यमापकापुढे कंपनीचे कागद ठेवतात ते प्रवर्तक, ही गाठ त्या हुकमाने सुटली नाही.

फेररचना म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे एका साध्या हिशेबाने पाहावे. समजा, बाजारात नोंद नसलेल्या एका कंपनीचे प्रत्येकी १० रुपयांचे १० लाख भाग आहेत. म्हणजे भांडवल १ कोटी रुपये. त्यातले ४० टक्के प्रवर्तकांकडे आणि ६० टक्के सामान्य लोकांकडे. वह्यांत ९० लाखांचा साचलेला तोटा दिसतो. पहिली पायरी भांडवल-घटीची. १० रुपयांच्या भागाची दर्शनी किंमत १ रुपया केली जाते आणि ९० लाखांचा तोटा वह्यांतून पुसला जातो. दुसरी पायरी एकत्रीकरणाची. एकेक रुपयाचे दहा भाग मिळून १० रुपयांचा एक भाग बनतो. १० लाखांचे आता १ लाख भाग झाले. ज्याच्याकडे पाचच भाग होते त्याला अर्धा भाग मिळावयाचा, पण अर्धा भाग देता येत नसल्यामुळे त्याच्या हातावर चार पैसे ठेवून त्याचे नाव भागधारकांच्या नोंदवहीतून काढले जाते. येथपर्यंत, अशा फुटकळ भागधारकांची गोष्ट सोडली तर, कोणाचेही प्रमाण बदललेले नाही. कंपनीचे सल्लागार सभेत हेच ठासून सांगतात, आणि ते खोटेही नसते.

खरी करामत तिसऱ्या पायरीची आहे. कंपनीला नवा पैसा हवा, असे सांगून १० रुपये भावाने ९ लाख नवे भाग एकट्या प्रवर्तकांना दिले जातात. आता १० लाखांपैकी ९ लाख ४० हजार भाग त्यांचे. चाळीस टक्क्यांचे चौऱ्याण्णव टक्के झाले आणि लोकांचे साठ टक्के सहावर आले. ज्याच्याकडे १०० भाग होते त्याचा कंपनीतला हिस्सा दहा हजारांत एक होता, तो आता लाखात एक झाला. प्रवर्तकांनी ९० लाख रुपये भरले, हे खरे. पण ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात त्या कंपनीची जागा आहे, ती वह्यांत चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाने नोंदलेली आहे, आणि आजच्या भावाने तिची किंमत ५ कोटी आहे असे धरा. इतर देणी-घेणी बाजूला ठेवली तर फेररचनेपूर्वी लोकांच्या साठ टक्क्यांचे मोल ३ कोटी होते. फेररचनेनंतर, प्रवर्तकांचे ९० लाख धरूनही, त्यांच्या सहा टक्क्यांचे मोल ३५ लाखांच्या आसपास येते. कोणाची तिजोरी फुटली नाही, कोणाची सही खोटी झाली नाही. अडीच कोटींहून अधिक रुपये मात्र या खिशातून त्या खिशात गेले.

लोकांकडे साठ टक्के असताना हे घडतेच कसे? विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात, असे कायदा म्हणतो. पण ही मते प्रत्यक्ष दिलेल्या मतांपैकी मोजावयाची असतात. जो सभेला आला नाही, ज्याला सूचनापत्रातील वकिली इंग्रजी उमगले नाही, ज्याचा पत्ता वीस वर्षांपूर्वी बदलला, त्याचे मत हिशेबातच धरले जात नाही. वरच्या उदाहरणात प्रवर्तकांचे चाळीस टक्के भाग एकजुटीने पडणारच. तो ठराव पाडावयाचा तर सुमारे साडेतेरा टक्के भाग विरोधात उभे राहावे लागतात. म्हणजे साठातल्या पावभाग लोकांनीही संघटित विरोध केला तर ठराव टिकत नाही. परंतु गावोगाव विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांत तेवढाही विरोध उभा राहत नाही, आणि प्रवर्तकांचे सारे गणित याच भरवशावर मांडलेले असते. भागधारकांच्या लोकशाहीतला मतदार घरी बसलेला आहे, आणि तो घरीच बसावा अशी व्यवस्था आहे.

कायदा या बाबतीत किती उदासीन आहे, हे २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ६६ वाचल्यावर कळते. भांडवल घटविण्याचा अर्ज आला म्हणजे न्यायाधिकरणाने केंद्र सरकारला, कंपनी निबंधकाला, नोंदलेली कंपनी असेल तर सेबीला, आणि धनकोंना नोटीस द्यावी, असे ते कलम सांगते. ज्याचा भाग घटविला किंवा पुसला जाणार त्या भागधारकाचे नाव या यादीत नाही. मूल्यांकनाचा अहवाल जोडलाच पाहिजे, अशी अटही त्या कलमात शब्दशः घातलेली नाही. ठराव मंजूर झाला ना, मग भागधारकाला सारे ठाऊक आहेच, असे येथे गृहीत धरलेले दिसते.

याच वाटेने पुढे ‘निवडक’ भांडवल-घटीची प्रथा रूढ झाली. सर्वांचे भाग सारख्या प्रमाणात घटविण्याऐवजी केवळ प्रवर्तकेतर भागधारकांचे भाग पैसे देऊन रद्द करावयाचे, म्हणजेच त्यांना कंपनीबाहेर काढावयाचे. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीने असा प्रस्ताव आणला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो फेटाळला होता. २००९ साली खंडपीठाने तो निर्णय फिरविला. योग्य किंमत मिळत आहे आणि मतदान केलेल्या प्रवर्तकेतर भागधारकांतही मोठे बहुमत बाजूने आहे, हा त्या निकालाचा आधार होता. फेरामुळे जे भाग लोकांच्या हाती आले होते ते परत गोळा करण्याचा राजमार्ग त्यानंतर अनेकांना सापडला. राहिला प्रश्न तो ‘योग्य किंमत’ कोणती, एवढाच.

या प्रश्नाचे उत्तर कॅडबरी इंडियाच्या प्रकरणाने दिले आहे. ही काही छोटी कंपनी नव्हे, पण धडा छोट्यांसाठीही आहे. २००९ साली कंपनीने उरलेल्या भागधारकांचे भाग १,३४० रुपये दराने रद्द करण्याचे ठरविले. काही मोजक्या भागधारकांनी या मूल्यांकनाला हरकत घेतली. पाच वर्षे वाद चालला, नवी मूल्यांकने झाली, आणि मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती २,०१४ रुपये ५० पैसे या दराला. तज्ज्ञांच्या सहीशिक्क्यासह जी किंमत योग्य म्हणून पुढे ठेवली होती, ती चिकाटीने भांडल्यावर दीडपट झाली. हरकत घेणारे नसते तर पहिलीच किंमत योग्य ठरली असती. छोट्या कंपनीत हरकत घेणारे नसतात. पन्नास हजारांच्या भागांसाठी लाखांची वकील-फी कोण भरणार?

नादारी व दिवाळखोरी संहितेखालील फेररचनेचा विचार येथे वेगळा केला पाहिजे. २०१६ च्या या संहितेत कंपनी मोडीत निघाल्यास कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन तारणधारक धनकोंच्या बरोबरीने आणि भागधारकाचा क्रम सर्वांत शेवटी, असा क्रम लावलेला आहे. हा क्रम रास्त आहे. कामगाराच्या आधी भागधारकाला द्या, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. कामगाराला तरी अजून पुढचे स्थान हवे. तक्रार वेगळी आहे. ज्यांनी कर्जे थकविली त्या प्रवर्तकांनी मागल्या दाराने येऊन आपलीच कंपनी स्वस्तात घेऊ नये, म्हणून २०१७ साली कलम २९ अ घालण्यात आले. पण २०१८ साली कलम २४० अ आणून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या प्रवर्तकांना त्यातील मुख्य बंदीतून वगळण्यात आले. २०२१ साली तर अशा उद्योगांसाठी ‘पूर्वनियोजित’ फेररचनेची सोय झाली. तीत कारभार प्रवर्तकांच्याच हाती राहतो आणि फेररचनेचा मूळ आराखडाही कंपनीच्याच बाजूने येतो. छोट्या उद्योगाला दुसरा घेणारा सहसा मिळत नाही आणि कारखाना चालू राहिला तर नोकऱ्या टिकतात, हे सवलतीमागचे कारण खोटे नाही. परंतु परिणाम पाहावा. जुने भागभांडवल जवळजवळ शून्यावर आणले जाते, त्यात सामान्य भागधारक कायमचा पुसला जातो, आणि प्रवर्तक मात्र नव्या भागांच्या रूपाने पुन्हा उभा राहतो. कंपनी एक, तोटा एक, भाग एकाच जातीचे, पण एकाला पुनर्जन्म आणि दुसऱ्याला मूठमाती! फेररचनेनंतरच्या भांडवलात जुन्या सामान्य भागधारकांनाही त्याच भावाने सहभागाची संधी द्यावी, असा विचार खुद्द सेबीने २०२२ साली एका चर्चापत्रात मांडला होता. म्हणजे अन्याय कोठे आहे हे राज्यकर्त्यांना कळत नाही असे नाही.

फेररचना ही मुळातच वाईट, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. आजारी कारखान्याला वाचविताना जुन्या भांडवलाची किंमत उतरवावी लागते, कधी ती शून्यही असते. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे उदाहरण चळवळीला चांगले ठाऊक आहे. मालकांच्या भांडणात बंद पडलेला हा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने घेतला, जुन्या भागधारकांचे भाग नाममात्र किमतीला तिच्याकडे आले, आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या योजनेवर शिक्कामोर्तब केले. पुढे तो प्रयोग अडचणीत आला, तरी त्याचे तत्त्व बाद होत नाही. तेथेही भागांची किंमत उतरली आणि मालकी बदलली, मात्र ती गेली श्रम करणाऱ्यांकडे, आणि उघड सुनावणीनंतर. भांडवल घटते तेव्हा त्याचा लाभ कोणाला पोचतो आणि ज्याचे घटते त्याला विचारले जाते की नाही, या कसोटीवर प्रत्येक फेररचना पारखली पाहिजे. राज्यातील आजारी सहकारी साखर कारखाने विकले गेले तेव्हा शेतकरी सभासदाच्या भागाला कोणी विचारले? त्याचे दुःख आणि छोट्या कंपनीच्या भागधारकाचे दुःख एकाच जातीचे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रवर्तकांचा हितसंबंध असलेल्या कोणत्याही भांडवल-घटीवर प्रवर्तकेतर भागधारकांचे मतदान स्वतंत्र मोजावे. नोंदलेल्या कंपन्यांच्या काही योजनांना सेबीने २०१३ पासून ही अट घातली आहे. तीच बाजाराबाहेरच्या कंपन्यांना लागू करण्यात अडचण कोणती? दुसरी, मूल्यमापक न्यायाधिकरणाने नेमावा, जमीन व जागा आजच्या भावाने धराव्यात, आणि अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत प्रत्येक भागधारकाच्या घरी जावा. तिसरी, प्रवर्तकांना ज्या भावाने नवे भाग द्यावयाचे, त्याच भावाने आधी सर्वांना ते देऊ करावेत. चौथी, कलम ६६ खालील नोटिशीच्या यादीत भागधारकाचे नाव घालावे, आणि समझोत्याच्या योजनेला हरकत घेण्यासाठी दहा टक्के भांडवलाची जी अट कलम २३० मध्ये आहे ती काढून टाकावी. पाचवी, दिवाळखोरीतून प्रवर्तक परत येणार असेल तर सामान्य भागधारकालाही तीच संधी असावी, आणि या सर्वांआधी कामगारांची थकबाकी भागवावी.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. याच कायद्याने संघटनेसाठी काही दारे उघडी ठेवली आहेत. अन्यायाविरुद्ध दाद मागण्यासाठी कलम २४४ खाली शंभर सभासद पुरेसे आहेत. सामूहिक दाव्यासाठी कलम २४५ खालीही शंभरच लागतात. सभासद एक हजार किंवा अधिक असतील तर घरबसल्या मतदानाची सोय करणे कंपनीवर बंधनकारक आहे. एका प्रतिनिधीला पन्नास सभासदांच्या वतीने मत देता येते. सभेत बोलण्याचा हक्क मात्र प्रतिनिधीला नाही, म्हणून निदान दोन-चार सभासद प्रत्यक्ष हजर राहिले पाहिजेत आणि रीतसर मतमोजणीची मागणी त्यांनी केली पाहिजे. सात वर्षे लाभांश न उचलल्यास भाग सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात, पण योग्य अर्ज केला तर परत मिळतात, हे हजारो कुटुंबांना ठाऊकच नाही. कागदी भाग आता हस्तांतरित होत नाहीत, ते आधी डीमॅट करावे लागतात, हेही सांगावयास कोणी नसते.

हे सांगणे म्हणजे राजकीय कामच आहे. पतपेढ्या, ग्राहक पंचायत आणि कामगार संघटना यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना नोंदवह्या वाचण्याची आणि माणसे जमविण्याची सवय आहे. कोणत्याही सभासदाला कंपनीच्या भागधारकांची नोंदवही पाहण्याचा हक्क आहे. त्या नोंदवहीतील शंभर नावे एकत्र आणणे, त्यांना सूचनापत्राचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगणे, आणि त्या कंपनीतील कामगार संघटनेशी त्यांची गाठ घालून देणे, हे एका तालुक्याच्या शाखेला न झेपणारे काम नाही. कामगाराला कारखान्याच्या आतल्या गोष्टी ठाऊक असतात आणि भागधारकाला सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. हे दोघे एका बाकावर बसले, तर फेररचनेचा आराखडा प्रवर्तकांना कुलूपबंद खोलीत ठरविता येणार नाही.